मुलाच्या नावाचा कायदा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जॉन वॉल्श आणि त्यांच्यासारख्या अमेरिकी आई-वडिलांवर लेख होता. पोटचं मूल अपहरणात गमावल्यावर इतरांच्या मुलांसाठी कायदे करून घेणाऱ्या माणसांचा. लेखाचा सूर गौरवाचा होता. पत्रं मात्र ‘हे चालतं कसं’ आणि ‘पुढे काय झालं’ अशीच जास्त आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न: वॉल्श यांचा मुलगा गेला तेव्हा पोलीस होते, एफबीआय होती. मग त्यांना नवीन असं काय करावं लागलं?

सहा वर्षांचा ॲडम २७ जुलै १९८१ रोजी फ्लोरिडातल्या हॉलीवूड गावच्या (सिनेमावाल्यांचं हॉलीवूड वेगळं) मॉलमधून, सिअर्सच्या दुकानातून नाहीसा झाला. दोन आठवड्यांनी, शंभराहून अधिक मैलांवरच्या एका कालव्यात त्याचे अवशेष मिळाले. मधल्या दिवसांत जॉन आणि रेव्हे वॉल्श यांच्या लक्षात आलं की देशपातळीवर मूल शोधणारं कुणीच नाही. एका गावच्या पोलिसांकडली माहिती शेजारच्या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) मिळेलच याची खात्री नव्हती.

एफबीआयकडे एनसीआयसी नावाची संगणकीय नोंदवही १९६७ पासून होती. चोरीच्या गाड्या, चोरीच्या बंदुका तिच्यात चढत असत. बेपत्ता माणसांचा विभाग १९७५ मध्ये सुरू झाला, पण मुलाची नोंद चढवायची की नाही हे स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर होतं. ‘पळून गेला असेल, येईल उद्या’ म्हणून कागद टेबलावरच राहायचा. राज्याची हद्द ओलांडून गेलेली गाडी सापडू शकत होती, तिच्यात बसवलेलं मूल नाही.

हे एकच भोक, पण ते बुजवायला पाव शतक गेलं. १९८२ च्या कायद्याने आई-वडिलांना अधिकार दिला की आपल्या मुलाची नोंद झाली आहे का हे एफबीआयला विचारता येईल, आणि नसेल तर ती करून घेता येईल. १९९० च्या कायद्याने ‘२४ तास थांबा’ हा प्रकार बंद केला आणि नोंद पोलिसांवर बंधनकारक केली. मग ॲडमच्याच नावाचा कायदा आला, बरोबर पंचवीस वर्षांनी, २७ जुलै २००६ रोजी. त्याने ‘ताबडतोब’ या शब्दाला घड्याळ लावलं: तक्रार आल्यापासून दोन तासांत नोंद. कायद्यात ‘ताबडतोब’ एवढंच लिहिलं की प्रत्येक ठाणं त्याचा आपापला अर्थ लावतं, हा अनुभव त्यामागे होता.

‘२४ तास थांबावं लागतं’ हा समज मात्र अजून जिवंत आहे, आणि तो मुख्यतः लोकांच्याच डोक्यात आहे. तिथे कुणाचं मूल दिसेनासं झालं तर घर, कपाटं, गाडीची डिकी, कपडे धुण्याची मशीन एवढं भराभर पाहून लगेच ९११ हा तातडीचा नंबर लावायचा. फोनवर ‘एनसीआयसीत नोंद करा’ असं त्याच शब्दांत सांगायचं आणि नोंद झाल्यावर तिचा क्रमांक मागून घ्यायचा. मग नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेला फोन: १-८००-८४३-५६७८. हे सेंटर १९८४ मध्ये उभं राहिलं, वॉल्श दांपत्य त्याच्या संस्थापकांपैकी. मुलाची खोली आवरू नये, चादरी धुवू नयेत, टूथब्रश आणि कंगवा कुणाला हात लावू देऊ नये. श्वानपथक आणि डीएनए, दोन्हींना त्याच वस्तू लागतात. घरात नातेवाईक जमले की सर्वांत आधी कुणीतरी प्रेमाने आवराआवरच करतं.

एक पुरवणी: १९९० चा कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी होता. सुझन लायल ही न्यूयॉर्क राज्यातली विद्यार्थिनी १९९८ मध्ये बेपत्ता झाली तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिच्या आई-वडिलांच्या पाठपुराव्याने २००३ मध्ये ही मर्यादा २१ वर्षांपर्यंत गेली. सुझन अजून सापडलेली नाही.

प्रश्न: हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी ॲम्बर अलर्ट (पळवलेल्या मुलाची रेडिओ, टीव्ही आणि मोबाइलवरून दिली जाणारी तातडीची सूचना) का वाजत नाही? हा भेदभाव नाही का?

राग समजण्यासारखा आहे, पण निकष मुद्दाम कडक ठेवले आहेत.

नऊ वर्षांची ॲम्बर हेगरमन १३ जानेवारी १९९६ रोजी टेक्ससमधल्या आर्लिंग्टनमध्ये सायकल चालवत असताना पळवली गेली. शेजाऱ्याने काळा पिकअप ट्रक पाहिला होता. चार दिवसांनी तिचा मृतदेह एका ओढ्यात मिळाला. त्या भागातल्या एका बाईंनी रेडिओ केंद्राला विचारलं: वादळाची सूचना कार्यक्रम थांबवून देता, तर अशा मुलीची का नाही? व्यवस्था त्या साध्या प्रश्नातून जन्मली. वर्णन हातात होतं, ते रस्त्यावरच्या गाडीवाल्यांपर्यंत पोचवायची सोय तेवढी नव्हती.

अमेरिकी न्याय खात्याने सुचवलेले निकष पाच: अपहरण झालं आहे असं पोलिसांना सबळ कारणाने वाटावं; जिवाला किंवा गंभीर इजेचा तातडीचा धोका असावा; मुलाचं, संशयिताचं किंवा गाडीचं उपयोगी पडेल इतकं वर्णन हाती असावं; वय १७ किंवा कमी; आणि नोंद एनसीआयसीत झालेली असावी. तिसऱ्या निकषावर अनेक प्रकरणं अडतात. ‘निळा सदरा घातलेला मुलगा’ एवढ्यावर लाखो फोन वाजवले तर लोक दोन-तीनदा पाहतील आणि चौथ्या वेळी सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद करतील. तसं होतंही. मोबाइलवरचा संदेश सुरुवातीला ९० अक्षरांचा असे, म्हणजे गाडीचा रंग, बनावट आणि नंबर प्लेट बसली की संपलं. आता नव्या फोनवर ३६० अक्षरं मावतात.

घाईमागचं कारण वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाच्या १९९७ च्या अभ्यासात आहे: पळवून नंतर मारल्या गेलेल्या मुलांपैकी ७४ टक्के पहिल्या तीन तासांतच गेलेली होती. हा आकडा वाचताना घसरू नका. पळवलेल्या सगळ्या मुलांचा तो नाही, मारल्या गेलेल्यांचा आहे. वृत्तवाहिन्या हा फरक हमखास गाळतात आणि आई-वडिलांना चौथ्या तासाला सगळं संपल्यासारखं वाटतं.

ज्या मुलांना अलर्ट लागू होत नाही त्यांच्यासाठी इतर मार्ग आहेत, आणि बहुतेक मुलं त्या मार्गांनीच सापडतात. बाकी, ॲम्बरला मारणारा आजही सापडलेला नाही.

प्रश्न: लेखात एक वाक्य होतं की मार्क क्लास हे मुलीच्या मृत्यूनंतर आलेल्या कायद्याच्याच विरोधात गेले. हे कसं?

आमच्या मते त्या लेखातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं आणि ते एका ओळीत उरकलं होतं.

क्लास यांच्या बारा वर्षांच्या मुलीला, पॉलीला, १ ऑक्टोबर १९९३ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथे तिच्या घरातून चाकूच्या धाकाने नेलं. त्यानंतर तासाभराच्या सुमारास काउंटीचे दोन डेप्युटी (जिल्ह्याचे पोलीस) एका खाजगी रस्त्यावर गेले, कारण तिथे एक अनोळखी माणूस गाडी अडकवून बसल्याची तक्रार होती. त्यांनी त्याची चौकशी केली, गाडी बाहेर काढायला मदत केली आणि सोडून दिलं. तोच मारेकरी होता. संशयिताच्या वर्णनाचा संदेश बिनतारी यंत्रणेवर गेला होता, पण डेप्युटी वापरत त्या चॅनलवर नाही. मृतदेह डिसेंबरमध्ये मिळाला.

म्हणजे भोक होतं बिनतारीच्या चॅनलमध्ये आणि एका खात्याचं दुसऱ्याला न कळण्यात. संतापाच्या लाटेवर आला तो मात्र ‘थ्री स्ट्राइक्स’: आधीचे दोन गंभीर गुन्हे असलेल्याने तिसरा केला की २५ वर्षं ते जन्मठेप. कॅलिफोर्नियाच्या मसुद्यात तिसरा गुन्हा हिंसक असण्याची अट नव्हती, किरकोळ चोरीही त्यात बसू शकत होती. क्लास यांनी आधी पाठिंबा दिला, मसुदा नीट वाचल्यावर १९९४ च्या मतदानात विरोधात प्रचार केला. ते हरले. तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसकच हवा, ही दुरुस्ती मतदारांनी २०१२ मध्ये केली, म्हणजे अठरा वर्षांनी.

पॅटी वेटरलिंग यांचंही असंच. त्यांचा अकरा वर्षांचा जेकब १९८९ मध्ये मिनेसोटातल्या सेंट जोसेफ गावी बुरखाधारी बंदूकवाल्याने नेला. तपासाच्या वेळी पोलिसांकडे त्या भागातल्या लैंगिक गुन्हेगारांची यादीच तयार नव्हती, म्हणून त्यांनी ती मागितली. १९९४ च्या जेकबच्या नावाच्या कायद्याने प्रत्येक राज्याला अशी यादी ठेवायला लावली. ती पोलिसांसाठी होती. न्यू जर्सीतल्या मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच्याच घरात राहणाऱ्या, आधी शिक्षा झालेल्या माणसाने मारलं. तिच्या पालकांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही तिला तिकडे जाऊ दिलं नसतं. १९९६ पासून यादी लोकांसाठी खुली झाली. पुढे राज्याराज्यांनी तीत अल्पवयीन गुन्हेगार घातले, कुठे राहता येईल यावर बंदी घातली. यादीतली माणसं त्यामुळे बेघर होतात आणि पोलिसांच्या नजरेआड जातात. पॅटीबाईंनी या वाढत्या कडकपणावर जाहीर प्रश्न उभे केले. ज्या आईचं नाव त्या यादीच्या मुळाशी आहे तिने हे म्हणणं सोपं नव्हतं.

मुलाच्या नावाचा नवा कायदा आला की आधी एवढंच पाहावं: त्या मुलाच्या बाबतीत नेमकी कुठे चूक झाली होती, आणि हा कायदा तीच चूक दुरुस्त करतो का? ॲडमची दोन तासांची अट या कसोटीला उतरते. थ्री स्ट्राइक्सने पॉलीच्या रात्रीचा चॅनल बदलला नसता. (मारेकऱ्याचा आधीचा गुन्हेगारी इतिहास लांबलचक होता आणि तो पॅरोलवर सुटलेला होता, हे समर्थकांचं म्हणणंही खरं आहे. पण ते हिंसक गुन्ह्यांपुरता कायदा करूनही साधलं असतं.)

प्रश्न: दुधाच्या खोक्यावर फोटो छापला गेलेला पहिला बेपत्ता मुलगा इटन पॅट्झ ना?

नाही, ही चूक फार पसरली आहे. आयोवातल्या डि मॉइन शहरातल्या एका डेअरीने १९८४ मध्ये जॉनी गॉश आणि यूजीन मार्टिन या दोन मुलांचे फोटो छापले. दोघंही पहाटे वर्तमानपत्रं टाकायला निघाले आणि परतले नाहीत. इटनचा फोटो देशभर मोहीम पसरली तेव्हाच्या पहिल्या काहींत होता. तो न्यूयॉर्कच्या सोहो भागात २५ मे १९७९ रोजी आयुष्यात प्रथमच एकटा बसथांब्याकडे निघाला, अंतर दोन चौकांचं. शाळेने घरी कळवलं नाही, आईला दुपारी समजलं. त्याचे वडील छायाचित्रकार, त्यामुळे फोटो भरपूर आणि उत्तम होते. त्या फोटोंनीच तो घराघरात पोचला. २५ मे हा दिवस राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८३ पासून बेपत्ता मुलांचा दिवस म्हणून जाहीर केला, तो त्याच्यामुळे.

खोक्यांची मोहीम काही वर्षांतच ओसरली. न्याहारीच्या टेबलावर रोज हरवलेलं मूल पाहून लहान मुलं घाबरतात, असं डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ सांगत होते. शिवाय त्या काळी अनोळखी माणसाने पळवलेल्या मुलांचे आकडे भलतेच फुगवले जात. डेन्व्हर पोस्ट या वृत्तपत्राने ते तपासले. बहुतेक बेपत्ता मुलं घरातून पळालेली असतात किंवा ताब्याच्या भांडणात आई-वडिलांपैकीच एकाने नेलेली असतात, असं त्यात निघालं. त्या कामाला १९८६ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं.

प्रश्न: दुकानात मूल चुकलं तर ‘कोड ॲडम’ म्हणतात. त्यात कर्मचारी नेमकं काय करतात?

१९९४ मध्ये वॉलमार्टने सुरू केलेली ही पद्धत ॲडमच्या नावाची. पालकाने कुठल्याही कर्मचाऱ्याला गाठावं, व्यवस्थापक शोधत बसू नये. कर्मचारी वर्णन लिहून घेतो: केस, डोळे, वजन, उंची, कपडे आणि विशेषतः बूट. मग ध्वनिक्षेपकावर ‘कोड ॲडम’ पुकारून वर्णन सांगतो. नेमून दिलेले लोक हातातलं काम टाकून शोधतात, काही जण प्रत्येक दाराशी उभे राहतात. दहा मिनिटांत मूल न मिळाल्यास पोलीस. मूल अनोळखी माणसाबरोबर दिसलं तर कुणाचा जीव धोक्यात न घालता त्याला रेंगाळत ठेवायचं. मूल सापडलं की पुकारा मागे घ्यायचा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी जागचं हलत नाही.

बूट का? सदरा शौचालयात एका मिनिटात बदलता येतो, टोपी घालता येते. मुलाच्या मापाचे दुसरे बूट कुणी खिशात घेऊन फिरत नाही. फसतं कुठे, तर मागच्या मालाच्या दारावर माणूस नेमलेला नसतो, किंवा नवीन कर्मचाऱ्याला पुकाऱ्याचा अर्थच कुणी सांगितलेला नसतो.

प्रश्न: वीस-वीस वर्षांनी ‘आता असा दिसत असेल’ असे फोटो येतात. ते कशावरून करतात?

सेंटरचे चित्रकार ते तयार करतात. मूल १८ चं होईपर्यंत साधारण दर दोन वर्षांनी, पुढे दर पाच वर्षांनी. मुलाच्या शेवटच्या फोटोबरोबर आई-वडील आणि भावंडांचे त्याच वयातले फोटो लागतात. मूल सहाचं असताना गेलं आणि चित्र सोळाचं करायचं असेल तर बाप सोळाव्या वर्षी कसा दिसायचा ते हवं. नेमके हेच जुने फोटो कुटुंबाकडे नसतात. अशा वेळी मावशी-काकांच्या घरचे अल्बम, शाळेचे गटफोटो उपयोगी पडतात.

घरी ठेवायचा फोटो कसा असावा? समोरून, खांद्यापर्यंत, साध्या पार्श्वभूमीवर, फिल्टरशिवाय, आणि रंगीत. दर सहा महिन्यांनी नवा, लहान बाळाचा त्याहून लवकर. लग्नातला नटवलेला फोटो सुंदर असतो आणि शोधाला निरुपयोगी. दातांच्या नोंदी कुठे मिळतील तेही लिहून ठेवावं.

प्रश्न: सेंटरच्या नावात ‘एक्स्प्लॉइटेड’ आहे. मुलाचा आक्षेपार्ह फोटो कुणाकडे गेला आणि तो पैसे मागतोय, तर?

पैसे देऊ नका. दिल्यावर मागणी थांबत नाही, वाढते. खातं बंद करण्याआधी समोरच्याचं वापरकर्तानाव, खात्याचा दुवा, संदेशांच्या वेळा, पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील जपून ठेवा. संभाषण पुसू नका. मात्र तो फोटो स्वतः कुणाला पुढे पाठवू नका, ‘पुरावा’ म्हणूनही नाही. अमेरिकेत तो बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. तिथे राहणाऱ्यांनी सेंटरच्या सायबरटिपलाइनवर तक्रार करावी. ती १९९८ पासून चालते, आणि अशी सामग्री आपल्या सेवेवर आढळली तर तिथेच कळवण्याचं कंपन्यांवर कायद्याने बंधन आहे. २०२३ मध्ये तिच्याकडे ३ कोटी ६२ लाख तक्रारी आल्या.

फोटो पसरू नये म्हणून सेंटरची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो किंवा व्हिडिओ काढला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर ती वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना मिळतो. तसाच ठसा त्यांच्याकडे दिसला की त्या फोटो काढून टाकू शकतात. मर्यादाही आहेत: सहभागी नसलेल्या ठिकाणी परिणाम शून्य, कडेकोट कूटबद्ध संदेशांत तो तपासता येत नाही, आणि फोटोत बदल केला तर ठसा बदलतो. म्हणून त्याच फोटोच्या कापलेल्या किंवा मजकूर टाकलेल्या प्रती हाती असतील तर प्रत्येकीचा ठसा स्वतंत्र द्या.

मुलाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका. रागवायचं असेल तर ते नंतर, किंवा कधीच नाही.

प्रश्न: आम्ही अमेरिकेतलं मराठी मंडळ. २५ मे रोजी अशा एका वडिलांचा सत्कार करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

आधी त्यांना विचारा, आणि ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून विचारा. अपहरणाची तारीख, वाढदिवस आणि मृतदेह मिळाल्याची तारीख हे तीन दिवस टाळा. २५ मे चालतो. मूल अजून बेपत्ता असेल तर ‘कैलासवासी’, ‘आठवणीत’, ‘श्रद्धांजली’ यांतला एकही शब्द पत्रिकेवर नको. मृत्यू सिद्ध झाला असेल तरी तो कसा झाला हे परिचयात सांगू नका. लोकांना ठाऊक असतं. त्यांनी काय बदललं ते सांगा: कायद्याचं नाव, साल, त्याआधी काय होत नसे. मुलाच्या नावाचा उच्चार फोनवर विचारून घ्या. मारेकऱ्याचं नाव घेऊ नका. ‘आता मन शांत झालं असेल ना?’ हा प्रश्न सूत्रसंचालकाच्या कागदावर असेल तर खोडा.

शालीपेक्षा उपयोगाचं काही करायचं असेल तर हॉलबाहेर एक टेबल मांडा. पालकांना मुलाची माहिती भरायला कोरे कागद, उंची मोजायची पट्टी आणि फोटो काढायला कुणीतरी. भरलेला कागद पालकाच्याच हातात परत द्यायचा, मंडळाकडे एकही प्रत ठेवायची नाही. अशा यादीचा दुरुपयोग व्हायला वेळ लागत नाही. देणगी गोळा करणार असाल तर ती थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. माहिती देणाऱ्याला बक्षीस वगैरे पोलिसांशी बोलल्याशिवाय जाहीर करू नका, खोट्या फोनांनी तपास तुंबतो.

पॅटी वेटरलिंग यांच्या गावात लोक जेकबसाठी व्हरांड्यातले दिवे लावून ठेवत. जेकबचा खेळातला क्रमांक ११, म्हणून त्याच्या आवडीच्या अकरा गुणांची यादी केली गेली: न्यायाने वागा, दयाळू असा, हरलात तरी खिलाडूपणे वागा, अशी. मंडळातल्या मुलांकडून काही करून घ्यायचं तर हे चांगलं आहे.

भिंतीवर बेपत्ता मुलांची पोस्टरं लावणार असाल तर आदल्या दिवशी प्रत्येक नाव सेंटरच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा. मूल सापडलेलं असेल तर ते पोस्टर लावू नका आणि मंडळाच्या पानावर पूर्वी टाकलेलं असेल तर काढून टाका. ते मूल आता शाळेत जात असतं, आणि वर्गातली इतर मुलं त्याचं नाव शोधत असतात.